माहेरवाशिणीचं भाडं

बोर्ड अजून तिथेच आहे. मंडळाच्या ऑफिसबाहेर, पिवळ्या पत्र्यावर काळी अक्षरं. भाजीला जाताना मला त्याच्यासमोरून जावं लागतं आणि रोज माझं डोकं फिरतं. घरचे म्हणतात, पलीकडच्या गल्लीने जात जा. का जाऊ? रस्ता माझाही आहे, आणि त्या बोर्डावर जिचे दर लिहिलेत त्या गाडीसाठी दारोदार वर्गणी मागत मीसुद्धा फिरले आहे.

गाडी म्हणजे ॲम्ब्युलन्स. बदलापूरच्या मांजर्लीत राहणाऱ्याला पूर म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. एका पावसाळ्यात नदी आधी आमच्या पार्किंगमध्ये आली, मग तळमजल्यावर आली, आणि नेमकी त्याच वेळी बाजूच्या बिल्डिंगमधल्या आजोबांना धाप लागली. पोरांनी बेडरूमचं दार बिजागऱ्यांतून काढलं, आजोबांना त्यावर झोपवलं आणि कमरेएवढ्या पाण्यातून नेलं. आजोबा वाचले. पाणी ओसरल्यावर चिखल उपसताना जो तो एकच बोलत होता, आपली स्वतःची एक गाडी पाहिजे. पुरात गाडी काय कामाची, तिला काय वल्ही लावणार होतो, हे कोणी विचारलं नाही. पण कल्पना वाईट नव्हती. सरकारची मोफत गाडी आहे, बोलावली की येते; पण एका वेळी ती एकीकडेच जाणार ना.

आमच्या भागातल्या मंडळाने ते काम अंगावर घेतलं. मी तेव्हा नुकतीच रिटायर झाले होते. आनंदनगरच्या एका केमिकल कंपनीत आयुष्यभर क्वालिटीच्या लॅबमध्ये होते, त्यामुळे कंपन्यांमध्ये ओळखी होत्या. मंडळाला कमिटीवर ‘एक महिला’ हवीच होती, फोटोत बरी दिसते. मला घेतलं. मी म्हटलं ठीक आहे, फोटोपुरती बसवलीत तरी तोंड माझ्याजवळच राहणार आहे.

स्ट्रेचर आणि आतलं बाकीचं सामान घ्यायला मी उल्हासनगरला गेले होते. दुकानदार सिंधी, वयस्कर. गाडी कशासाठी ते ऐकल्यावर त्याने नफा सोडून दिला. मी म्हटलं, साईं, गाडी बदलापूरची आहे, तुमच्या उल्हासनगरला काही उपयोग नाही तिचा. तो हसला. म्हणाला, “बेहनजी, अंदर जो सोएगा उसका पता कोई पूछता है क्या?” मीही हसले. आज ते वाक्य आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

गाडी आली, पूजा झाली, नारळ फुटला. मग दर ठरवायची मीटिंग लागली. भाडं घ्यायला माझा विरोध कधीच नव्हता, हे आधीच सांगते, कारण नंतर गावभर उठवलं गेलं की वहिनींना सगळं फुकट पाहिजे. साफ खोटं. डिझेल लागतं, टायर लागतात, ड्रायव्हरला पगार लागतो. फुकट चालणारी गाडी दारात उभी राहून सडते. माझं भांडण वेगळंच होतं.

मीटिंगला आम्ही सातआठ जण. अध्यक्ष जुन्या कुळगावचे, शेतीवाडीवाले. जमिनीवर टॉवर उभे राहिले तरी बोलणं शेताच्या बांधावरचं राहिलेलं. मनाने माणूस वाईट नाही. खजिनदार माझ्यासारखेच कंपनीतून रिटायर झालेले, ऑफिसर होते, अजूनही खिशाला दोन पेनं लावतात. बाकीचे मान हलवायला.

पहिला ठराव, शहराच्या हद्दीत मोफत. टाळ्या पडल्या. मी विचारलं, हद्दीत जायचं कुठे? मोठं काही झालं की आपल्याकडून पेशंट उल्हासनगरला नाहीतर कल्याणला जातो. मग मोफत गाडी कोणासाठी, बोट कापलंय त्याच्यासाठी? खजिनदार म्हणाले, “मॅडम, बोर्डावर ‘मोफत’ हा शब्द असला की डोनर खूश असतात.” घ्या.

मग बाहेरचे दर ठरले. उल्हासनगर, कल्याण, मुंबई. मग कोणीतरी काढलं की सुट्टीच्या दिवशी पिकनिकला येणारे दारू पिऊन नदीत उड्या मारतात, त्यांना आपण स्वस्तात का न्यायचं? मुद्दा सगळ्यांना पटला, मलाही अर्धा पटला. म्हणून ठरलं, रहिवाशांना निम्मा दर, आणि गाडीतून नेल्यावर सवडीने दिला तरी चालेल. बाहेरच्यांना पूर्ण दर, आणि तो गाडी हलायच्या आधी. रहिवासी कोण ते आधार कार्डावरच्या पत्त्यावरून बघायचं. खजिनदारांनी दोनपैकी एक पेन काढून लिहूनही घेतलं.

शेवटी अध्यक्षांनी हात वर केला. “आनि मयताचं भारं घ्यायचं नाय. कुठून बी आनायचा असो, कुठला बी असो. मयताला पत्ता इचारायचा नस्तो.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा. त्यात चुकीचं काहीच नव्हतं, आपल्यात रीतच आहे.

आता माझ्या डोक्यात त्या वेळी काय चाललं होतं ते सांगते. आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर माझी शेजारीण राहते. घरगुती डबे करते; नवरा आनंदनगरलाच एका केमिकल प्लांटमध्ये ऑपरेटर. त्यांची एकुलती एक मुलगी दहावीला माझ्याकडे केमिस्ट्री शिकायला बसायची. हुशार होती, बडबडी तर विचारू नका. लग्न होऊन ती संगमनेरला गेली होती आणि पहिल्या बाळंतपणाला नुकतीच माहेरी आली होती. पाय सुजलेले, बीपी वर गेलेलं. इथल्या डॉक्टरीणबाईंनी मला आणि शेजारणीला समोर बसवून सांगितलं होतं, डोकं खूप दुखायला लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर घरात बसून राहू नका, मला फोन करत बसू नका, सरळ उल्हासनगरचा मोठा सरकारी दवाखाना गाठा. झोपवून न्या, रिक्षात बसवून नेऊ नका. शेजारीण त्या दिवसापासून मला जिन्यात भेटली की एकच विचारायची, “ताई, तुमची गाडी सुरू कधी होतेय?”

म्हणून मी मीटिंगमध्ये तोंड उघडलं. म्हटलं, आमच्या खालची पोर बाळंतपणाला आलीय. लग्नानंतर सासऱ्यांनी तिच्या आधारवरचा पत्ता बदलून घेतला, तो संगमनेरचा आहे. ती रहिवासी की बाहेरची?

सगळे हसले. खरंच हसले, काहीतरी गोड बोलल्यासारखं. अध्यक्ष म्हणाले, “आवो वहिनी, लेकीबालींना कोन अरवनार हाय? आपलीच पोर ती.”

“मग बोर्डावर तसं लिहा. माहेरवाशिणींना रहिवाशांचा दर.”

“लिवायचं काय त्यात? समजून घेऊ ना.”

खजिनदार म्हणाले, “मॅडम, एकेक एक्सेप्शन लिहायला लागलो तर बोर्ड स्टेशनपर्यंत जाईल. तेवढं आपण समजून घ्यायचं.”

समजून घेऊ. हे दोन शब्द मला आता ऐकवत नाहीत. आपल्याकडे पैसे घ्यायचे असतात तेव्हा सगळं लिहून ठेवतात, सही, शिक्का, ठराव क्रमांक. सोडायची वेळ आली की समजून घेऊ. म्हणजे काय, तर तुम्ही आमच्या दारात यायचं, हात जोडायचे, ओळख काढायची, मग आमचा मूड असला तर आम्ही समजून घेणार. लॅबमध्ये असं चाललं असतं तर अर्धी कंपनी उडाली असती. बाटलीवर लेबल नाही, पण आत ॲसिड आहे हे समजून घ्या म्हणे.

मी भांडले. भरपूर भांडले. शेवटी समोसे आले आणि विषय संपला. बोर्ड रंगून आला. रहिवासी, बाहेरचे, मयत. माहेरवाशीण त्याच्यात कुठेच नव्हती.

बोर्ड लागल्यावर थोड्याच दिवसांत एका दुपारी मी कुळगावला चष्म्याची काडी बसवून घ्यायला गेले होते. फोन वाजला. शेजारीण. तिचा आवाज ओळखू येईना. “ताई, पोरीला दिसत नाहीये. डोकं फुटतंय म्हणते. गाडी आलीय, पण तो नेत नाहीये.”

मी म्हटलं, नेत नाहीये म्हणजे? गाडी दारात आहे ना?

“आधार मागतोय. दाखवलं. तर म्हणतो संगमनेर लिहिलंय.”

सरकारी गाडीला तिने आधी फोन केला होता. ती दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली होती, येते म्हणाले, पण कधी ते सांगता येत नव्हतं. मग तिने आमच्या गाडीला लावला. आमची गाडी आली, लगेच आली, त्यात खोट काढणार नाही. आणि गेटपाशी येऊन उभी राहिली.

मी रिक्षा धरली. पुलावर ट्रॅफिक. रिक्षावाल्याला काय काय बोलले मला आठवत नाही, बिचारा ऐकून घेत होता. वाटेत खजिनदारांना फोन लावत होते, ते दुपारी झोपतात, फोन सायलेंटवर. अध्यक्ष एका लग्नात होते, मागे बँडचा आवाज, त्यांना “गाडी” एवढंच ऐकू आलं आणि ते “हो हो, पाठव पाठव” म्हणाले. शेजारणीचा नवरा प्लांटवर. आणि केमिकल प्लांटमध्ये मोबाइल आत नेऊ देत नाहीत, गेटवर जमा करतात. मी ते नियम स्वतः पाळलेत. घरचे पैसे भरायचं ॲप त्याच्याच फोनमध्ये. म्हणजे पैसे होते, माणूसही होता, आणि फोन गेटच्या कपाटात वाजत पडलेला.

पोचले तेव्हा पोर गाडीत होती. स्ट्रेचरवर, डाव्या कुशीवर, डोळ्यांवर ओढणी. निदान आत तरी घेतलं होतं. तिची आई हातात डब्यांच्या पैशांचा प्लास्टिकचा डबा घेऊन ड्रायव्हरसमोर उभी होती आणि म्हणत होती, “बाकीचे संध्याकाळी देते रे दादा, कुठे पळून जातेय का मी?” ड्रायव्हर उत्तरेकडचा, नवीनच लागलेला. रडकुंडीला आला होता. मी त्याच्यावर हात उगारला, खोटं कशाला सांगू. त्याने माझ्यापुढे फोन धरला. खजिनदारांचा मेसेज, बाहेरच्या पेशंटचे पूर्ण पैसे घेतल्याशिवाय गाडी हलली तर पगारातून कापले जातील. “मॅडम, मेरेको जो बोला वो मैं कर रहा हूँ. मैं इसको जानता नहीं ना.”

बरोबर होतं त्याचं. तो कोणाला ओळखत नव्हता. समजून घ्यायला आधी ओळखावं लागतं, आणि ओळखणारा एक झोपला होता, दुसरा लग्नात पंगतीला बसला होता.

मी म्हटलं, पैसे मी देते, चल. त्याच्या फोनवर पैसे टाकले आणि पुढे बसले. रिक्षातूनच टाकता आले असते, ते त्या घाईत सुचलंच नाही. शेजारीण मागे, लेकीचं डोकं मांडीवर घेऊन. पोर त्याही स्थितीत मला म्हणाली, “काकू, चष्मा नीट करून आलात का?” केस वेणीत होते, माहेरी आल्यावर आई घालून देते तशी घट्ट वेणी.

अंबरनाथच्या अलीकडे तिला झटका आला. मी मागे वळून बघितलं आणि परत पुढे बघितलं. तो आवाज मी सांगणार नाही. ड्रायव्हरने मात्र मग गाडी अशी हाणली की सिग्नल बघितले नाहीत की काही नाही.

पोर वाचली. बरेच दिवस लागले, पण वाचली. दवाखान्यातल्यांनी जिवाचं रान केलं, त्यांना मी हात जोडते. बाळ गेलं. मुलगी होती. पूर्ण वाढलेली, डोक्यावर केस. रडलीच नाही. मी तिथल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, थोडं आधी आलो असतो तर? त्या म्हणाल्या, “नक्की सांगता येत नाही. लवकर आला असतात तर कदाचित.” नंतर कमिटीने त्यातलं पहिलं वाक्य उचललं. मी दुसरं उचललं. माझा हट्ट नाही की मीच बरोबर. पण गेटपाशी चालू इंजिनाची गाडी घेऊन आपण उभे होतो, हे तर नक्की सांगता येतं ना?

बाळाला आणायला दुसऱ्या दिवशी गाडी आली. कोणी बोलावली नव्हती. अध्यक्षांनी स्वतःहून पाठवली. तोच ड्रायव्हर. त्याने चपला काढून ठेवल्या आणि मगच दार उघडलं. जावई संगमनेरहून आलेला, त्याच्या हातात ते गाठोडं. ड्रायव्हरने कोणाला काही विचारलं नाही. उल्हासनगरहून सरळ आमच्याकडच्या स्मशानभूमीपर्यंत आणलं, तिथे एका कोपऱ्यात लहान बाळांना पुरतात. अध्यक्ष आधीच येऊन उभे होते, डोळे पुशीत. माणूस मनाने वाईट नाही हे म्हटलंच ना मी. त्याचाच जास्त राग येतो. वाईट असता तर सोपं गेलं असतं.

दिवस उलटले आणि खजिनदार आमच्या बिल्डिंगमध्ये आले. शेजारणीकडे. मी तिथेच होते, लेक अजून दवाखान्यात आणि हिच्या पोटात अन्न जात नव्हतं म्हणून बळेच पेज भरवत होते. खजिनदारांनी बाहेर चपला काढल्या, खुर्चीच्या कडेवर बसले आणि खिशातून पाकीट काढलं. माझे पैसे परत आणले होते. सोबत पावती. त्यावर त्यांच्या सुवाच्य अक्षरात लिहिलेलं, ‘मयत असल्याने भाडे माफ.’

मी काही बोलायच्या आधी शेजारणीने पावती हातात घेतली. ती जास्त बोलणारी बाई नाही. बराच वेळ वाचत होती, चार शब्दांना लागतो त्याच्यापेक्षा खूप जास्त.

“दादा,” ती म्हणाली, “हे माफ कोणाचं केलंत? लेकीचं की नातीचं?”

खजिनदार म्हणाले, “तसं नाही वहिनी, ट्रिप एकच धरली ना आपण.”

“जाताना दोघी होत्या गाडीत. दोघी संगमनेरच्या होत्या. येताना एकटी आली ती तुमच्या गावची झाली?”

खजिनदारांनी पाकीट टीपॉयवर ठेवलं आणि पाणीही न पिता गेले. पाकीट मी उचललं नाही. शेजारणीने ते दुसऱ्या दिवशी मंडळाच्या पेटीत टाकलं, पावतीसकट.

त्यानंतरची मीटिंग मी मागून घेतली. जागा तीच, समोसेसुद्धा सांगून ठेवलेले. विषयपत्रिकेवर पहिला विषय काय होता ठाऊक आहे? ड्रायव्हरला काढून टाकणे. त्याने माणुसकी दाखवली नाही म्हणून. हद्द झाली. पगार कापायची धमकी देणारे माणुसकीवर बोलत होते आणि चपला काढून बाळाला आणणारा गेटबाहेर उभा होता.

एक जण म्हणाला, “पण त्याने समजून घ्यायला पाहिजे होतं.”

मग मी सुटले. म्हटलं, ठीक आहे, मला एकदा तुम्हा सगळ्यांना समजून घेऊ द्या. अध्यक्ष, तुमचा जन्म कुठला?

ते गोंधळले. “आमचा? कुलगावचा. आमी हितलेच, पिरानपिर्‍या.”

“जन्म विचारतेय. आई तुमची बाळंत कुठे झाली?”

“मामाकरं. भिवंडीच्या अंगाला. पयलटकरीन होती ना आय, तिच्या आईकरंच गेल्ती.”

“खजिनदार?”

“आजोळी,” ते पुटपुटले. “कराडला.”

मी एकेकाला विचारत गेले. एक रत्नागिरीकडचा, एक जुन्नरचा, एक चाळीसगावचा. एकाची आई माहेरी जाऊच शकली नव्हती, सासूने पाठवलं नाही, त्याने ते असं सांगितलं की आईवर झालेला अन्याय अजून त्याच्या तोंडावर होता. बाकी सगळे आजोळी जन्मलेले.

म्हटलं, बघा. तुमच्या आया त्या दिवशी त्या गावांत बाहेरच्या होत्या. कोणी तुमच्या आजीला दारात उभं करून विचारलं असतं, ही पोर लग्न होऊन गेलीय, हिचा पत्ता दुसरा आहे, आधी पूर्ण पैसे टाका, तर तुम्ही आज इथे समोसे खायला असता का? पोरीचं पहिलं बाळंतपण माहेरी, हे तुम्हाला आईने सांगितलं, बायकोने करून दाखवलं, मुलीसाठी तुम्ही स्वतः डिंक नि खारका आणल्या. ही रीत तुम्हाला ठाऊक नव्हती असं नाही. मी मीटिंगमध्ये सांगितलं होतं. हसलात. मेल्यावर पत्ता विचारायचा नसतो हे न सांगता लिहिलंत, आणि जिवंत पोरीचं म्हणालात समजून घेऊ. मी हे विसरणार नाही आणि तुम्हालाही विसरू देणार नाही.

अध्यक्षांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती. समोसे आले तसे परत गेले. ड्रायव्हर राहिला. बोर्डावर ओळ आली. ‘बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या लेकींना पत्ता विचारला जाणार नाही. भाडे रहिवाशांप्रमाणे, नंतर दिले तरी चालेल.’ पेंटरने ती वेगळ्या काळ्या रंगात लिहिली, जुन्या अक्षरांपेक्षा जास्त चकाकते. बैल गेला नि झोपा केला. लोक येताजाता वाचतात आणि म्हणतात, किती विचार केलाय बघा मंडळाने. मला तिथेच उभं राहून ओरडावंसं वाटतं.

मी कमिटी सोडली नाही. सोडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. प्रत्येक मीटिंगला जाते, आणि कोणी “समजून घेऊ” म्हटलं की बोट दाखवते, लिहा. आता ते माझ्या पाठीमागे मला ‘लिहा-वहिनी’ म्हणतात. म्हणू देत.

पोर बरी होऊन संगमनेरला गेली. फोनवर बोलते, पण पूर्वीसारखी बडबड नाही. मध्यंतरी शेजारीण जिन्यात भेटली आणि तिने हळूच सांगितलं, तिला परत दिवस गेलेत. मला इतका आनंद झाला की मी तशीच चपला घालून बोर्डापाशी गेले, नव्या ओळीचा फोटो काढला आणि पोरीला पाठवला. खाली लिहिलं, ‘बघ, आता तुला कोणी काही विचारणार नाही. ये.’

संध्याकाळी तिचं उत्तर आलं. ‘काकू, खूप बरं केलंत. पण मी इथेच थांबतेय. इथल्या दवाखान्यात माझा पत्ता बरोबर आहे.’

काल शेजारणीने डबे बंद केले, गिऱ्हाइकांना महिनाभराची सुट्टी सांगितली. डिंकाचे लाडू केले, दुपट्यांची गाठोडी बांधली आणि आज सकाळच्या एसटीने लेकीच्या सासरी गेली. जन्मात पहिल्यांदा, विहिणीच्या घरी राहायला. बाळंतपण करायला. स्टँडवर मी तिला बसवायला गेले होते. खिडकीतून म्हणाली, “ताई, तिथे मी पाहुणी. पाणी प्यायचं तरी विचारून प्यायचं मला.” गाडी सुटली. घरी येताना मी बोर्डासमोरूनच आले.